मागे पडणारे ठोके

घरी रेकॉर्ड केलेलं आमचं मेटलकोर, म्हणजे कानठळ्या बसवणारं, गाणं ऐकून बराकपूरच्या स्टुडिओवाल्याचा फोन आला. “दीदी, आपका ड्रमर लास्ट में पीछे छूट रहा है. ग्रिड पे खींच लो.” खरंच होतं ते. पण शहाण्याला काय सांगू, की वाजवताना माझ्या भावाची, अजेयची, केमो चालू होती? आणि आवाज दाबायला त्यानं ड्रममध्ये कोंबलेली गोधडी तो गेल्यावरही मी काढलेली नाही? कॉम्प्युटरवर ग्रिडचं बटण दाबलं. मागे पडणारे ठोके मशीनसारखे रांगेत बसले. गाणं भारी झालं, साला! “बंद करा धिंगाणा, खालचे घोषबाबू येतील,” तो असताना रोज त्याच्यावर ओरडणारी आई दारात ऐकत उभी होती. “कोण वाजवतंय?” “अजेय.” “नाही गं. तो इथे दमायचा.” मी अजेयचे ठोके परत आणले. आई ड्रममधल्या गोधडीवर हात ठेवून बसली. “वाजव,” म्हणाली. “मोठ्यानं.”