मावेल तेवढं पाणी

“‘मावेल तेवढं पाणी’ म्हणजे नेमकं किती?” हाम्बुर्गच्या गिऱ्हाइकांनी विचारून विचारून भंडावून सोडलं. थालीपिठाच्या भाजणीच्या पाकिटावर वहिनीने आणि मी तेच जर्मनमध्ये छापलं होतं. आमच्या घरी पाणी कधी कुणी मोजलंच नव्हतं. पाकिटं परत येऊ लागली. कंपनी गुंडाळायचं ठरलं.

तेवढ्यात इन्स्टाग्रामवर एक व्हिडिओ दिसला. हेल्गा नावाच्या अनोळखी जर्मन आजी आमच्याच भाजणीत कपाने पाणी मोजून थालीपीठ थापत होत्या. खाली शेकडो लोक विचारत होते, भाजणी कुठे मिळते?

त्यांना विचारून आम्ही त्यांचं माप पाकिटावर छापलं. कंपनी तरली. दिवाळीला फराळाचा डबा पाठवून लिहिलं, “आजी, तुमच्या कपाने वाचवलं आम्हाला.”

उत्तर आलं, “कप? तो आता लागत नाही मला. हाताला कळतं.”