घाडी नर्सरीची कलमं

उज्ज्वला घाडीने काजूच्या एका कलमाचं खोड चिरलं, तेव्हा आत पांढरी अळी वळवळताना दिसली. नवा खोडकिडाच होता तो. आता सरकारी यंत्रावर तेवढं नोंदवायचं होतं. नोंद झाली की उपग्रहावरून लहर सुटायची आणि तिच्या नर्सरीतून गेलेलं प्रत्येक कलम, कुणाच्याही जमिनीत असो, आठ दिवसांत आतल्या अळीसकट वाळून जायचं. कलमांच्या पेशींत तशी सोय केल्याशिवाय कुठल्याच नर्सरीला परवाना मिळत नसे.

तिने आधी भावाला फोन लावला. सगळ्यात जास्त कलमं, चारशे, त्याच्याच डोंगरावर होती.

"दादा, खोडांतून भुसा गळतोय का, जरा बघ."

झाडं बघून आल्यावर तो म्हणाला, "तीन झाडांत आहे. औषध मारतो मी. तू गप्प बस, उजू."

"औषधाला दाद देत नाही हा. अळ्यांचे भुंगे होऊन उडाले की शेजारच्या बागाही जातील."

"आणि माझी तीन वर्षं?"

फोन ठेवून तिने नोंद केली.

नवव्या दिवशी ती डोंगरावर गेली. पलीकडच्या बागा हिरव्यागार होत्या. भाऊ वाळलेली झाडं उपटून जाळत होता. तिने दुसरी कुदळ उचलली. दुपारपर्यंत दोघांनी एक रांग संपवली.

मग तो म्हणाला, "पुढच्या वेळी कलमं दुसरीकडून आणीन."

"आण," ती म्हणाली आणि पुढच्या झाडाच्या मुळाशी तिने घाव घातला.