पापुद्र्यावर पापुद्रा

सकाळी हळद लागली आणि दुपारी दारात सरकारी जीप आली. पंधरा वर्षांच्या स्नेहलचं लग्न थांबलं. “कुनी कळवलं? नाव सांगा,” तिचा बाप म्हणाला. जीपमधून उतरलेल्या साहेबांनी कागद पाहिला. “नाव नाही. तक्रार नॉर्वेहून आलेली दिसते.” मांडवात कुजबुज सुरू झाली. इथं कुणी शिंकलं तरी पारावर कळतं. स्नेहलच्या आत्याला, छबूबाईला, स्वतःचा मोबाईल आठवला. उन्हाळ्यात स्नेहलनं त्यात कांद्याच्या चित्राचं फुकटचं ॲप घातलं होतं; त्यातून धाडलेलं देशोदेशी फिरून जातं, धाडणाऱ्याचा पत्ता लागत नाही. “आत्या, पापुद्र्यावर पापुद्रा. कितीबी सोल, आत मानूस घावत न्हाई.” छबूबाईनं फळीवरून मोबाईल काढला. काचेवर हळदीचा अंगठा उमटलेला. ती बघतच राहिली. एवढंसं बोट, जग फिरून जीप घेऊन आलं. “आक्का, तुझा मोबाईल बघू,” मागून भाऊ, स्नेहलचा बाप, म्हणाला. छबूबाईनं पदरानं काच पुसून मोबाईल दिला. कांद्याच्या चित्रावरून त्याचा अंगठा न थांबता पुढं सरकला.