आजोबांचा खोकला

केक कापून झाला, फुगे फोडून झाले, तरी लोक थिएटरच्या दारातून हलायला तयार नव्हते. निम्म्यांनी सिनेमातल्या आजोबांसारखे गळ्यात मफलर गुंडाळले होते आणि घामाने निथळत होते. हौस, दुसरं काय!

एका साध्यासुध्या घरगुती सिनेमाने गल्ल्याचे सगळे अंदाज मोडीत काढले होते. ना मारामारी, ना परदेशातली गाणी. एक घर, एक आजोबा आणि बिस्किटांच्या डब्यावर डल्ला मारणारी नातवंडं. आजोबा स्वयंपाकघरात शिरण्याआधी दाराबाहेर थांबून खोकायचे, म्हणजे चोरांना पळायला वेळ मिळावा. तो खोकला आला की अख्खं थिएटर हसायचं आणि त्यांच्यामागून खोकायचं.

निर्मात्याने माइक हातात घेतला. “दुसरा भाग हवा का?”

“हवा!”

“आजोबा हवेत?”

“हवेतच!”

“मग बोलवा की त्यांना!”

आणि सगळे एका सुरात खोकले.

जिन्यापाशी उभी असलेली साउंडवाली तेवढी खोकली नाही. पावलं, भांडी, दारांची कुरकुर, सिनेमात जे जे ऐकू येतं ते स्टुडिओत बसून तयार करायचं हे तिचं काम. आजोबा झालेल्या नटाचा घसा ठणठणीत होता, त्यामुळे त्याचा खोकला दिग्दर्शकाला नाटकी वाटला. “खरा आण कुठून तरी,” तो तिला म्हणाला होता. तिला लांब जावं लागलं नाही. वडील पलीकडच्याच खोलीत खोकत होते.

तिचे कान तयार होते, तेच नडलं. दुसरी कुठलीही मुलगी बापाचा असला खोकला ऐकून काळजीत पडली असती, ही खूश झाली. तिने खिडकी लावली, पंखा बंद केला, आवाज नको म्हणून फ्रिजसुद्धा बंद केला.

“बाबा, जरा दाबून धरा. हं, आता!”

बाबांनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकला दाबून धरला आणि मग सोडला. दम खाऊन म्हणाले, “जमला का गं?”

“मस्त! आणखी एकदा, बाबा. शेवटी जरा लांबवा.”

त्यांचा हात औषधाच्या बाटलीकडे गेला, तेव्हा ती म्हणाली, “ते उद्यापासून घ्या ना. घसा मोकळा झाला तर सगळी मजाच जाईल.” त्यांनी बाटली निमूटपणे जागेवर ठेवली. त्यांना उलट अभिमानच वाटत होता. आपण सिनेमात आहोत, हे दूधवाल्यालासुद्धा सांगून झालं होतं.

उद्याचा परवा झाला, परवाचा पुढचा आठवडा झाला. शेवटी डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “हा खोकला कधीपासून आहे?” कोरडा कोणता, ओला कोणता, घशातला कोणता आणि छातीतला कोणता, सगळं तिला पाठ होतं. एवढं एकच सांगता येईना.

सिनेमा लागला तेव्हा बाबा नव्हते.

दिग्दर्शक केकची प्लेट सांभाळत तिच्यापाशी आला. त्याच्याही गळ्यात मफलर होता. “ऐकतेयस ना? ह्या टाळ्या तुझ्या बाबांच्या बरं का! दुसऱ्या भागात खोकला वाढवायचाय. त्यांना म्हणावं, या वेळी पडद्यावर नाव येणार तुमचं.”

“ते गेले,” ती म्हणाली.

“अगं… कधी? बोलली नाहीस काही.” त्याने प्लेट जिन्याच्या पायरीवर ठेवली, मफलर काढून हातात घेतला. त्याला खरंच वाईट वाटलं, माणूस तसा चांगला होता. मग दाराशी चाललेल्या गोंगाटाकडे त्याने वळून पाहिलं आणि चाचरत म्हणाला, “पण… आधीचं रेकॉर्ड केलेलं आणखी असेल ना?”

“आहे,” ती म्हणून गेली. कामाचं काही विचारलं की तिच्या तोंडून आधी होकारच निघायचा. तो शब्द तिला परत गिळावासा वाटला. पण होतंच तिच्याकडे, ढीगभर होतं. बाबा देत राहिले होते आणि ती घेत राहिली होती. खोकून खोकून ते वाकायचे, तेव्हा त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचं तिला कधी सुचलंच नाही. तिचा हात माइकवर असायचा.

दाराशी हशा उसळला. गर्दीतून वाट काढत एक चिमुरडी पुढे आली होती. ओठांवर कागदी मिशी, मफलर पार पायांपर्यंत. दारासमोर ती आजोबांच्या ऐटीत थांबली, कमरेवर हात ठेवला आणि असा काही खोकला काढला की लोकांनी शिट्ट्या मारल्या.

तिची आजी तेवढी हसली नाही. खांद्यावरची पिशवी सावरत ती लगबगीने आली आणि सगळ्या गर्दीत नातीसमोर खाली बसली.

“कधीपासून खोकतेयस गं तू?”

“अगं आजी, खोटा आहे तो! सिनेमातला!”

“असू दे सिनेमातला.” आजीने तिची मिशी काढली, छातीवर तळहात ठेवला आणि तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. “आ कर. बघू दे घसा.”