मनगटाएवढे वर्तुळ

गेलेल्या जीवाच्या वस्तूवर अधिकार कोणाचा? जो ती उराशी जपतो त्याचा, की जिला ती डोळ्यांपुढे सोसवत नाही तिचा? हा निवाडा धर्मज्ञालाही अवघड. त्या दुपारी तो एका नणंदेच्या पुढ्यात येऊन पडला.

फुटक्या बादल्या, बाटल्यांची झाकणे, मोडकी खेळणी यांतून ती गळ्यात घालायची शिल्पे घडवीत असे. आज भावजयीने तिच्यापुढे आपल्या गेलेल्या लेकीच्या प्लास्टिकच्या बांगड्या ठेवल्या. लाल, पिवळ्या, जांभळ्या.

“ह्यांनी तिच्या खोलीच्या कडीला अडकवल्या होत्या. वारा आला की खटखटतात. हे भरल्या ताटावरून उठतात, म्हणतात, ‘आली बघ.’ आणि वन्सं, हल्ली मीही मागोमाग उठते. ह्या बांगड्यांचा हार करा. गळ्यात घालीन, पण दाराला नको.”

“दादाला विचारलंस, वहिनी?”

भावजयीने पदराचे टोक बोटाला गुंडाळले.

नणंदेने एक बांगडी तापवून मऊ केली, ओढून पाकळीसारखी लांबट केली आणि निवायला ठेवली. दुसरी तापवू लागली तोच तिची धग पहिलीला लागली. पाकळी हलली. कोणाचाही हात न लागता ती सावकाश पुन्हा गोल झाली, इवल्या मनगटाएवढी.

“अगं बाई!” भावजय मागे सरली. “सोनं बिचारं निमूट वितळतं. तुमचं प्लास्टिक भलतंच हट्टी.”

“त्याला पहिला आकार आठवतो. कापावंच लागेल. मग मागे फिरणं नाही.”

“कापा.”

करवत चालली. शेवटचा तुकडा दोऱ्यात ओवला जात असताना दादा दारात येऊन उभा राहिला. रिकामी कडी पाहून तो अनवाणीच धावत आला होता.

“फोडल्यास?”

बांगडीसाठी भाषेने राखून ठेवलेला शब्द नणंदेने जपून उच्चारला. “वाढवल्या, दादा.”

दादा हार उचलून पत्नीच्या मागे गेला आणि गाठ मारू लागला. तेवढ्यात वाऱ्याने दार ढकलले. तिघांच्याही माना वळल्या. दादाच्या हातून दोरा मात्र सुटला नाही.

ज्यांना चाहूल अजून लागते, त्यांना एकमेकांची सोबत लाभो. आणि जी उंबऱ्याशी येऊन परत जाते, तिच्या वाटेवर उजेड असो.