आधी कुणाचं लग्न?

“डिस्का परत जुळवायचं रिबिल्डचं बटण दाबलं न्हाय न्हवं?” शिवकुमारनं चार हार्ड डिस्कांचा डबा टेबलावर घेत पहिलं तेच विचारलं.

“कशालाच हात लावला न्हाय,” सयाजी म्हणाला. “लाल दिवा दिसला, तसाच उचलून आणला.”

हे अर्धंच खरं होतं. एका डिस्कचा लाल दिवा बरेच दिवस लागलेला होता. चारातली एक गेली तरी काम चालतं, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं, म्हणून सयाजीनं तिकडं लक्ष दिलं नव्हतं. काल लाईट जाऊन परत आली आणि दुसऱ्या डिस्कनंही मान टाकली.

सयाजीचा फोटो स्टुडिओ म्हणजे तो डबाच होता. वारणानगरपासून पार सीमेवरच्या गावांपर्यंतची लग्नं त्यात भरलेली. गिऱ्हाइकाला पेनड्राईव्ह दिला तरी मूळ शूटिंग सयाजी कधी पुसत नसे. लोकांच्या आयुष्यातला मोठा दिवस, तो आपण कसा पुसायचा, असं त्याचं म्हणणं.

शिवकुमारचं दुकान राजारामपुरीत एका क्लासच्या वर होतं. बिघडलेल्या डिस्कांतून डेटा काढायचा, एवढंच काम तो करायचा. त्यानं एकेक डिस्क लावून कानाशी धरल्यासारखी ऐकली.

“एक मेलीच हाय. दोन धडधाकट. चौथी धापा टाकतीया,” तो म्हणाला. “तीन मिळाल्या तरच जुळणी हुतीया. ह्या चौथीवरनं जेवढं निघंल तेवढं आपलं. मधीच बसली, तर पुढचं विसरायचं. आधी काय काढू, त्ये सांगा.”

सयाजीला विचार करावा लागला नाही. शिरोली एमआयडीसीत फौंड्री असलेल्या हंबीररावांच्या मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं. अल्बम अजून द्यायचा होता आणि कॅमेऱ्यातली कार्डं पुसून पुढच्या लग्नाला वापरून झाली होती. हंबीररावांचा फोन सकाळपासून वाजत होता.

“हंबीररावांचं,” तो म्हणाला.

“काका, थांबा.”

दारात रक्षिता उभी होती. डोक्यावर पदर, हातात हिरव्या बांगड्या, जिना पळत चढल्यानं लागलेला दम. कालपासून ती सयाजीच्या मागं होती. तिच्या लग्नाचं शूटिंग त्यानंच केलं होतं. घरातला पेनड्राईव्ह सापडत नाही, म्हणून ती स्टुडिओत आली आणि नेमका तेव्हाच डबा बंद पडलेला. आता स्टुडिओ बंद बघून, त्यानंच काल सांगितलेलं हे दुकान शोधत ती इथवर आली होती.

“माझं आधी काढा. गाणी घातलेलं नको, मूळचं पायजे.”

“ताई, तुमच्या लग्नाला चार वर्षं व्हायला आली,” सयाजी म्हणाला. “हंबीररावांचं अजून हातात बी दिल्यालं न्हाय.”

“शनिवारी वाढदिवस हाय, काका. त्याच्या आत पायजे.”

“मालकांचा?”

तिनं पदर सारखा केला. “घरात कुणाला सांगू नका.”

सयाजीच्या खिशात फोन वाजला. हंबीररावच. ते ओरडायला लागले की फोन कानापासून लांब धरावा लागायचा, आणि त्यांच्या एका शब्दावर शिरोलीतली निम्मी लग्नं सयाजीकडं यायची. त्यानं समोर बघितलं. रक्षितानं मंगळसूत्र मुठीत घट्ट धरलं होतं. सयाजीच्या स्वतःच्या लग्नाचा अल्बम घरात माळ्यावर पडून होता. बायकोनं तो कित्येक वर्षांत उघडला नव्हता. आणि ही पोरगी नवऱ्यासाठी जिने चढत होती.

त्यानं फोन कट केला.

“हिचं आधी.”

“बघा हां, पावणं,” शिवकुमार म्हणाला. “मागनं मला बोलायचं न्हाय.”

काम सुरू झालं. डिस्क मधेच टकटक करायची, मधेच गप्प व्हायची. गप्प झाली की सयाजी उठून उभा राहायचा. रक्षिता बसलीच नाही. ती खिडकीपाशी जायची, खाली रस्त्यावर बघायची, परत यायची. क्लासची पोरं सुटली, तसा जिन्यावर दंगा झाला आणि ती एकदम दाराआड सरकली. पोरं आहेत म्हटल्यावर परत पुढं आली.

दुपार कलली तेव्हा शिवकुमारनं मान वर केली. “आलं. ताईंचं सगळं आलं.”

त्यानं हंबीररावांचं काढायला घेतलं. थोडा वेळ आकडे सरकले. मग डिस्कनं एक लांब खरखर केली आणि थांबली. त्यानं परत लावली, परत थांबली.

“बसली,” तो म्हणाला. “हळद निघाली. लग्न न्हाय.”

सयाजी खुर्चीत टेकला. हंबीररावांना काय सांगायचं, ह्याचा तो विचार करायला लागला. तेवढ्यात पडद्यावर रक्षिताचं लग्न सुरू झालं आणि तो तिकडं बघत राहिला. निदान एका घरात तरी आनंद होईल.

मुंडावळ्या बांधलेली नवरी खाली मान घालून बसली होती. कॅमेऱ्यामागून सयाजीचाच आवाज आला, “नवरी, जरा वर बघा! हसा की!” नवरीनं मान आणखी खाली घातली.

“किती लाजत हुता बघा, ताई,” सयाजी हसून म्हणाला.

 रक्षितानं फोन लावला. “मॅडम, मिळालं. वर या.”

जिन्यावर पावलं वाजली आणि काळा कोट घातलेली एक बाई आत आली. रक्षितानं सयाजीकडं बोट केलं.

“शूटिंग ह्यांनीच केलतं, मॅडम. शनिवारी मला वीस वर्षं पुरी व्हायच्या आत लग्न रद्द करायचा अर्ज द्यायला लागतोय न्हवं, त्यात साक्षीला ह्यांचं नाव घाला. लगीन लावलं तवा माझा दहावीचा निकाल बी लागला न्हवता.”