काळीभोर वही

दॉ सेइन म्याने पिशवीतून घडीची काळी वही काढली आणि दोन्ही हातांनी ग्रंथपालापुढे धरली.

"गुरुजी, ही ठेवून घ्या. पण आधीच सांगते, हिच्यात काही नाही. होतं ते मी पुसलं."

ग्रंथपाल ऊ चॉ ठे यांनी एकेक घडी उलगडली. वही टेबलभर पसरली. जाड कागद, काळाकुळकुळीत. एक अक्षर नाही.

"कधी पुसलंत, आजी?"

"लग्न होऊन महिना झाला होता. आता मला चौऱ्याहत्तर सरलं. सासरे राजवाड्यात लेखनिक होते. इंग्रजांनी आमच्या राजाला रत्नागिरीला नेलं, वाडा ओस पडला, पण तिथली बोली त्यांच्या डोक्यात राहिली. राजा जेवला म्हणायचं नाही, निजला म्हणायचं नाही, सगळ्याला शब्द वेगळे. ते सगळं त्यांनी पांढऱ्या शंखजिऱ्याच्या कांडीने हिच्यात उतरवलं होतं."

"आणि तुम्ही?"

"माझ्या माहेरी पोरं असल्या वहीवर अक्षरं गिरवायची. सणाच्या आधी कोळसा आणि वालाच्या पाल्याचा रस फासून आम्ही त्या कोऱ्या करायचो. मला वाटलं, हीपण तसलीच. नव्या सुनेचा उत्साह! वाळवून वर त्यांनाच दाखवायला नेली."

"खूप रागावले असतील."

"रागावले असते तर मी सुटले असते. म्हणाले, 'केवढी काळीभोर केलीस गं, पोरी. तोंड दिसतंय हिच्यात.' उठून पाणी प्यायले. दुसऱ्या दिवसापासून रोज मठात जाऊन बसायला लागले ते वर्षभर. माझं तोंड बघवत नसणार." तिने वहीची कड नीट केली. "त्यांची माफी मागायची राहिली. तुम्ही जुनं जपता, म्हटलं तुमच्याकडे मागावी. उशीर झालाय, कळतंय मला."

"इथे सगळे उशिराच येतात, आजी. काहीजण तर दोनशे वर्षं उशिरा येतात. सासऱ्यांचं नाव काय?"

"ऊ फो ठिट."

ऊ चॉ ठे तिच्याकडे बघतच राहिले. मग उठून कपाटातून ताडपत्रांची एक पोथी घेऊन आले. पोथीभोवती विणलेली लांब पट्टी गुंडाळलेली होती. पानांना लावलेल्या तेलाचा वास टेबलभर पसरला.

"गेल्या साली मठातल्या पोथ्या आमच्याकडे आल्या, त्यातली ही. राजवाड्याची बोली इतकी सविस्तर आम्हाला दुसरीकडे मिळाली नाही. गेला महिनाभर ती मुलगी हीच उतरवून घेत होती." पलीकडच्या टेबलावरच्या मुलीने मान वर केली. "पूर्ण आठवून लिहिलेली आहे, आजी. वर्षभर बसून."

दॉ सेइन म्याचा हात वहीवरच थांबला.

पोथी दान करणाऱ्याचं नाव पट्टीत विणलेलं असतं. ऊ चॉ ठे पट्टी हळूहळू सोडवत गेले.

"चष्मा आणलात?"

"वाचा तुम्हीच."

"'ही पोथी दान करणारी मा सेइन म्या, ऊ फो ठिटची सून. तिने वही पुसली म्हणून मला सगळं पुन्हा आठवावं लागलं. आठवता आठवता मी राजवाड्यात आणखी एक वर्ष राहून आलो. पुण्य तिचं. वाचणाऱ्याने साधु म्हणावं.'"

तरुणपणी तिला दॉ नव्हे, मा म्हणत.

"म्हातारा एका शब्दाने बोलला नाही हो," ती म्हणाली. "शेवटचं दुखणं काढलं मी त्यांचं. रोज भात भरवला. तेव्हाही नाही." मग सवयीने हात जोडून तिने साधु म्हणायला तोंड उघडलं.

"तुम्ही नाही, आजी," ऊ चॉ ठे म्हणाले. "दान तुमचं. दुसऱ्याच्या दानाला साधु म्हणतात, ते आम्ही म्हणायचं."

पलीकडच्या मुलीने पेन्सिल ठेवली आणि हात जोडले. दोघं एकदम म्हणाली, साधु, साधु, साधु.

दॉ सेइन म्याने मान खाली घातली. समोर वही तशीच उघडी होती. तिच्यात खरंच तोंड दिसत होतं.